आजीला न उमगलेली खेळणी

वसईच्या वाड्यांत लहानाचे मोठे झालेल्या आमच्या पिढीकडे खेळणी दोन वाटांनी आली. पहिली वाट घरामागच्या वाडीतून येणारी. भोवरा, विटी-दांडू, गलोल, ताडफळाच्या टरफलांची चाके लावलेली गाडी आणि मुलींची भातुकली ही सारी त्या वाटेची. ह्या खेळण्यांविषयी वडीलधाऱ्यांना काही समजावून सांगावे लागत नसे. भोवऱ्याला दोरी कशी गुंडाळावी हे आजोबांनीच शिकवलेले असे आणि भातुकलीतल्या चुलीवर काय रांधायचे हे आजी ओसरीवर बसून सुचवीत असे.

दुसरी वाट समुद्रापलीकडची होती. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत पैशाचा ओघ सुरू झाला आणि तिथे कामाला माणसे हवी झाली. आमच्या गावांतले वडील, काका, मामा कुवेत, बहरीन, दुबई, मस्कत येथे गेले. काही बोटींवर लागले. दोन-दोन वर्षांनी, साधल्यास नाताळच्या सुमारास, ते घरी येत. त्यांच्या बॅगांतून कापड, अत्तर, टेपरेकॉर्डर यांच्यासोबत जी खेळणी निघत, ती पाहून घरातली म्हातारी माणसे गोंधळून जात. आमच्या घरी आलेली तशी तीन खेळणी ठळकपणे आठवतात : सहा रंगांचा रुबिक क्यूब, हाताच्या तळव्यात मावणारा व्हिडिओ गेम आणि व्ह्यू-मास्टर.

क्यूब पाहून आजोबांनी विचारले होते, ‘हे जुळलं म्हणजे काय होतं?’ काही होत नाही, ते पुन्हा मोडायचे असते, हे आमचे उत्तर त्यांना थट्टाच वाटली. व्हिडिओ गेमच्या कोपऱ्यात घड्याळ होते. त्यामुळे आजोबांच्या लेखी ते घड्याळच. मुले दिवसभर इतक्या एकाग्रतेने वेळ का पाहतात, हे कोडे त्यांना कधी सुटले नाही. त्यांच्या अशा प्रश्नांवर आम्ही पोट धरून हसत असू. वडील माणसांना नव्या वस्तूंतले काही कळत नाही, अशी आमची पक्की समजूत झाली होती.

पुढे ह्या खेळण्यांचा इतिहास वाचनात आला तेव्हा ती समजूत डळमळली. ही तिन्ही खेळणी मुळात मुलांसाठी जन्मलीच नव्हती, किंवा निदान मुलांच्या खेळातून जन्मली नव्हती. प्रत्येकीच्या मुळाशी एखाद्या मोठ्या माणसाचे काम, कंटाळा किंवा कुतूहल होते.

क्यूबचा जनक एर्नो रुबिक हा हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात उपयोजित कलांच्या अकादमीत शिकवीत असे. १९७४ साली त्याने हा ठोकळा बनवला तो वस्तूची रचना न ढासळता तिचे भाग स्वतंत्रपणे कसे फिरू शकतील, हा प्रश्न सोडवण्यासाठी. रंग दिल्यावर त्याने तो फिरवला आणि पाहतो तर रंग विस्कटलेले! ते पूर्वस्थितीत आणायला त्या निर्मात्यालाच महिन्याहून अधिक काळ लागला. १९७७ च्या अखेरीस हा ठोकळा बुडापेस्टच्या दुकानांत आला आणि १९८० पासून जगभर पसरला. त्याच्या संभाव्य मांडण्यांची संख्या वीस अंकी आहे : ४३,२५२,००३,२७४,४८९,८५६,०००. कोणतीही मांडणी वीस किंवा त्याहून कमी वळणांत सोडवता येते हे संगणकाच्या साहाय्याने सिद्ध व्हायला २०१० साल उजाडावे लागले. तेव्हा ज्यापुढे गणितज्ञ छत्तीस वर्षे डोके खाजवीत होते, त्यापुढे आमचे आजोबा गोंधळले तर नवल ते काय?

हातातल्या व्हिडिओ गेमची कथा अशीच. जपानच्या निन्टेन्डो कंपनीतील गुनपेई योकोई यांना आगगाडीच्या प्रवासात एक नोकरदार गृहस्थ खिशातल्या गणकयंत्राची बटणे दाबत वेळ घालवताना दिसला. वेळ घालवण्याचे एखादे लहानसे साधन मोठ्या माणसांनाही हवे असते, हे योकोईंनी हेरले. गणकयंत्राच्याच जातीचा पडदा आणि बटणाएवढी बॅटरी वापरून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ ही मालिका बाजारात आली. नावातच घड्याळ होते. आजोबांनी त्याला घड्याळ म्हटले ते अर्धे बरोबरच होते!

परंतु सर्वांत जुनी आणि आमच्या मनात सर्वांत खोल रुतलेली कथा व्ह्यू-मास्टरची आहे. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे मांडले की, आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या जागांवरून पाहतात आणि त्या दोन प्रतिमा मेंदूत एक होतात, तेव्हा आपल्याला खोली जाणवते. दोन वेगळी चित्रे दोन डोळ्यांना स्वतंत्रपणे दाखवली, तर सपाट कागदातूनही खोली उभी करता येते. त्यासाठी त्याने आरशांचे एक उपकरण केले. १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने त्याचे भिंगांचे सुटसुटीत रूप पुढे आणले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते व्हिक्टोरिया राणीच्या पसंतीस उतरले आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत प्रौढ माणसे त्यातून दूरदेशीची दृश्ये पाहू लागली.

ह्याच कल्पनेला अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या विल्यम ग्रुबरने नवे रूप दिले. ग्रुबर मूळचा जर्मन, व्यवसायाने पियानो सुरात लावणारा. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म नुकतीच निघाली होती. तिच्या चिमुकल्या तुकड्यांच्या सात जोड्या, म्हणजे चौदा चित्रे, त्याने पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर बसवली. सॉयर्स ही पोर्टलंडची छायाचित्र कंपनी पुढे आली आणि १९३९ मध्ये व्ह्यू-मास्टर विक्रीस आला. प्रेक्षणीय स्थळे घरी बसून पाहू इच्छिणारी मोठी माणसे हेच त्याचे पहिले गिऱ्हाईक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी तो वापरला. १९५२ ते १९६२ या काळात डेव्हिड बॅसेट या शरीररचनाशास्त्रज्ञाने ग्रुबरच्या साहाय्याने मानवी शरीराचा संपूर्ण चित्रसंग्रह ह्याच चकत्यांवर प्रसिद्ध केला. परीकथा, कार्टून, नाताळची कथा अशा चकत्या निघत गेल्या, तसा तो हळूहळू मुलांच्या हाती गेला.

आमच्या घरी तो आला तेव्हा त्याच्यासोबत ख्रिस्तजन्माची एक चकती होती आणि परदेशी शहरांच्या दोन. खटका दाबला की मेंढपाळ पुढे येत, त्यांच्यामागे गव्हाण, तिच्याही मागे काळेभोर आकाश. आत हात घालावा असे वाटे. नाताळच्या दुपारी मिस्सेनंतर सारे घर आळीपाळीने पाहत होते. आजीची पाळी आली. तिने यंत्र डोळ्यांना लावले, बराच वेळ धरले आणि म्हणाली, ‘चित्र चांगलं आहे. पण आत कुठे आहे?’ आम्ही तिला उजेडाकडे वळवले, यंत्र वर-खाली केले, ‘दिसलं का?’ म्हणून पुन्हा पुन्हा विचारले. शेवटी तिने एवढेच विचारले, ‘ह्यात कुवेत आहे का?’ कुवेत नव्हते. तिने यंत्र परत दिले. आम्ही हसलो आणि पुढच्या चकतीकडे वळलो.

आजीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. हे घरात सर्वांना ठाऊक होते. व्हीटस्टोनचा सिद्धान्त वाचला त्या दिवशी, आजी जाऊन कैक वर्षे झाल्यावर, ह्या दोन गोष्टींचा संबंध आम्हांला लागला. एका डोळ्याने पाहणाऱ्यासाठी ते चित्र सपाटच राहणार. तिला जे दिसले ते तिने अगदी अचूक सांगितले होते. समज कमी पडली होती ती आमची.

आणि कुवेत? ते यंत्र ज्यांच्यासाठी निर्माण झाले, ती घरी राहणारी, जिथे जाता येत नाही ते ठिकाण पाहू इच्छिणारी मोठी माणसेच होती. आजी त्यांपैकीच एक होती. जिथे तिचा मुलगा दोन-दोन वर्षे राहत होता, तो मुलूख तिला पाहायचा होता. त्या यंत्राचा मूळ उपयोग आमच्या घरात कुणी ओळखला असेल, तर तो तिनेच.

आज आमच्या घरांतली लहान मुले मोबाईलवर काही दाखवतात, आम्ही अडखळतो आणि ती हसून तो हातातून काढून घेतात. त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांला नाही. प्रभू येशूने बालकाला शिष्यांच्या मधोमध उभे केले, ते मोठ्यांनी नम्र व्हावे म्हणून. पण मधोमध उभ्या असलेल्या बालकालाही सभोवतालच्या मोठ्यांचे चेहरे दिसतात. आम्ही त्या दुपारी आजीचा चेहरा पाहिला नाही. ‘दिसलं का?’ असे दहा वेळा विचारले. कोणत्या डोळ्याने दिसते, हे एकदाही विचारले नाही.