रविवारचा पगार कुणाच्या खिशातून?

गेल्या महिन्यात विहारात रविवारची वंदना झाल्यावर एक ताई पगाराची स्लिप घेऊन थांबल्या. एका खासगी कंपनीच्या कार्यालयात त्या ठेकेदारामार्फत साफसफाई करतात. कंपनीने पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. टेबलावर बसणाऱ्यांना शनिवारची सुट्टी मिळाली आणि पगार होता तेवढाच राहिला. ताईंच्या स्लिपवर मात्र 26 ची हजेरी 22 झाली आणि पैसेही त्याच हिशेबाने उतरले. "दादा, सुट्टी मी कुठं मागितली होती?" एवढेच त्यांनी विचारले.

तिथे बसलेल्या आमच्या तरुणांपैकी एक म्हणाला, "दिवस कमी तर पगार कमी, त्यात चूक काय?" दुसऱ्याने मोबाईल काढून दाखवला, रविवारची सुट्टी बाबासाहेबांनी दिली असा फिरत आलेला मेसेज. हे दोघेही चळवळीतले, अभ्यासू. पण दोघेही चुकत होते, आणि या दोन चुकांचा एकमेकींशी संबंध आहे. म्हणून हा लेख.

आधी मेसेजबद्दल. साप्ताहिक सुट्टीची लढाई नारायण मेघाजी लोखंडे यांची आहे. 1848 साली ठाण्यात जन्मलेला, फुलमाळी समाजातला हा माणूस जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता आणि 'दीनबंधु'चा संपादक. 1884 साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला. पुढच्याच वर्षी 1891 च्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. बाबासाहेबांचा जन्मही त्याच वर्षीचा. लोखंडेंचे श्रेय बाबासाहेबांच्या नावावर लिहिल्याने बाबासाहेब मोठे होत नाहीत. जोतीराव ज्यांचे गुरू होते, त्या बाबासाहेबांना हे आवडलेही नसते.

पण लोखंडेंच्या त्या रविवारला पगार नव्हता. आपल्या भाषणांत ही गोष्ट येत नाही. विणकर उक्त्यावर, म्हणजे जेवढे कापड तेवढे पैसे. बाकी खात्यांत महिन्याचा दर असला तरी हिशेब हजेरीवर. सुट्टी म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. तरीही हजारो माणसांनी सुट्टी मागितली, कारण शरीर मोडत होते. कामगाराने आपला पहिला रविवार स्वतःच्या पैशाने विकत घेतला, असे मी म्हणतो.

त्या काळचा पगाराचा हिशेब कसा चाले, हे एका शब्दावरून कळते. 'डबल खाडा'. एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांची मजुरी कापायची, ही मुंबईच्या गिरण्यांतली रूढ पद्धत होती. तिला आळा बसला तो 1936 च्या वेतन देय कायद्याने. त्याच्या कलम 9 ने सांगितले की जेवढी गैरहजेरी तेवढीच कपात, त्याहून जास्त नाही. (त्याच कलमात एक खोचही ठेवली. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचना न देता गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंत पगार कापता येतो. ती कशासाठी, हे संप केलेल्यांना सांगायला नको.)

या साऱ्याचा मार सर्वांना सारखा बसत नव्हता. अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकराला तो विटाळ वाटे. चांगला पैसा त्याच खात्यात होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्याची मजुरी आधीच कमी, त्याला बिनपगारी सुट्टी जास्त महाग पडते. बदली कामगाराचे तर विचारूच नका. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, काम मिळाले तर दिवस भरला.

आता बाबासाहेबांचे काम काय, ते पाहू. जुलै 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. या काळातल्या तीन गोष्टी एका ओळीत ठेवून वाचल्या पाहिजेत. 1945 च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला वर्षभराच्या सलग नोकरीनंतर दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. 1946 च्या दुरुस्तीने कायम चालणाऱ्या कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. आणि त्याच 1946 च्या एप्रिलमध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले, ज्याचा 1948 साली कायदा झाला.

तिसरी गोष्ट दुसरीला का लागते? 54 चे 48 म्हणजे कामाचा नववा भाग गेला. दर तोच ठेवला तर पगाराचाही नववा भाग जाणार. तास कमी करणारा कायदा पगार वाचवत नाही, त्यासाठी पगाराचा तळ बांधणारा दुसरा कायदा लागतो. किमान वेतन कायद्याच्या कलम 13 मध्ये सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस आणि त्या दिवसाचा मोबदला, या दोन्हींची तरतूद होती. सुट्टी एका हाताने आणि पगार दुसऱ्या हाताने, अशी ही रचना. रविवारच्या मेसेजपेक्षा हे काम कितीतरी मोठे आहे, आणि नेमके तेच आपण सांगत नाही.

1947 साली मुंबईच्या औद्योगिक न्यायालयाने गिरणी कामगारांचे किमान मूळ वेतन 26 दिवसांच्या महिन्याला 30 रुपये ठरवले. हा 26 चा आकडा ध्यानात ठेवा. महिन्याचे 30 दिवस, त्यातून चार रविवार वजा. ते चार दिवस जातात कुठे? पगार महिन्याचा असेल तर ते उरलेल्या 26 दिवसांच्या दरात मुरतात.

मालकांना हे चांगले कळते, म्हणून भांडण कायम भाजकावर होते. ग्रॅच्युइटी दर वर्षाला 15 दिवसांच्या वेतनाइतकी. पण एका दिवसाचे वेतन म्हणजे किती? समजा शेवटचा पगार 26,000 आहे. 30 ने भागले तर 15 दिवसांचे 13,000, आणि 26 ने भागले तर 15,000. वीस वर्षांच्या नोकरीत 40,000 चा फरक. 1980 साली दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 26 मान्य केला, 1987 मध्ये तो कायद्यातच लिहिला गेला. 1985 मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात प्रश्न वेगळा होता. वर्षात 240 दिवस भरले की कामगाराला कपातीविरुद्ध संरक्षण मिळते. बँकेच्या मोजणीत रविवार आणि पगारी सुट्ट्या वगळल्या होत्या, त्यामुळे 240 भरत नव्हते. न्यायालय म्हणाले, ज्या सुट्टीचा पगार दिला तो दिवस कामाचाच धरायचा. साडेपाच हजार सह्यांनी मागितलेला रविवार असा जवळपास शंभर वर्षांनी हजेरीत आला.

मग "दिवस कमी तर पगार कमी" म्हणणाऱ्या आमच्या मित्राने महाराष्ट्र सरकारचा हिशेब पाहावा. 29 फेब्रुवारी 2020 पासून शासकीय कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा आला. वर्षाचे कामाचे दिवस 288 वरून 264 झाले. कुणाचा पगार कापला का? नाही. रोजची वेळ वाढवली आणि वर्षाचे तास उलट 2,088 वरून 2,112 झाले. यात मला आक्षेप नाही. आक्षेप पुढे आहे. अत्यावश्यक सेवा म्हणून जे या निर्णयातून वगळले, त्यांत सफाई कामगार आहेत. त्या झाडूवर कोणत्या जातींचे हात आहेत, हे या लेखाच्या वाचकाला सांगावे लागत नाही.

सध्या चार दिवसांच्या आठवड्याची चर्चा आहे, बारा तासांचे चार दिवस. 12 गुणिले 4 म्हणजे 48, तास तेवढेच. 1948 च्या कारखाने कायद्यात दिवसाला नऊ तासांवर काम झाले की दुप्पट दर होता. म्हणून असा प्रस्ताव कुणी आणला तर सुट्ट्या मोजत बसू नका. दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या तासाचा दर काय, हे लिहून मागा.

ताईंच्या स्लिपकडे परत येतो. कपात गैरहजेरीची करता येते, आणि गैरहजेरी म्हणजे जिथे, जेव्हा हजर राहणे बंधनकारक आहे तिथे नसणे. वेतन संहिता 2019 मध्येही हे तत्त्व तसेच आहे. शनिवारी कार्यालयाला कुलूप कंपनीने लावले, मग खाडा कुणाचा? ठेकेदार म्हणेल, बाई रोजंदारीवर आहेत. तर मग नेमणूकपत्र दाखवा. साफसफाईसारख्या कामांचे किमान वेतन महाराष्ट्रात महिन्याच्या दराने जाहीर होते. 22 दिवसांचे पैसे त्या दराच्या खाली जातात का, हे आधी तपासायचे.

ताईंना नेमणूकपत्र कधी दिलेच गेले नव्हते. त्यांच्याकडे बँकेचे पासबुक आणि तीन महिन्यांच्या स्लिपा होत्या. त्या दोन तरुणांनीच बसून कामगार अधिकाऱ्याकडे द्यायचा अर्ज लिहिला. मेसेजवाल्याने आकडेमोड केली. "त्यात चूक काय" म्हणणाऱ्याने मजकूर लिहिला, आणि पहिल्याच ओळीत चार शनिवारांच्या तारखा घातल्या. ताईंबरोबर काम करणाऱ्या आणखी सहा बायकांच्या सह्या पुढच्या रविवारी घ्यायच्या आहेत.