रांगेचे नियम आणि न्यायाची कल्पना

संगणकाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणते यंत्र किती जलद होते हे त्यात येते. त्या यंत्रापुढे कोण किती काळ ताटकळले हे सहसा येत नाही. वास्तविक महागडे यंत्र अनेकांनी मिळून वापरायचे ठरले की पाळीचा प्रश्न आधी उभा राहतो, आणि पाळीच्या प्रत्येक नियमामागे न्यायाची एक कल्पना असते.

१९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. इतर संस्थांतील संशोधकांची कामेही त्यावर होत. त्या काळी सर्वत्र रूढ असलेली पद्धत अशी : छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. आधी आलेल्याचे काम आधी, हा नियम वरवर निर्दोष वाटतो. परंतु दहा तासांच्या गणितामागे दोन मिनिटांचे गणित अडकून पडले, तर त्याला न्याय म्हणायचे का?

सिडनी विद्यापीठातील ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ च्या एका लेखात या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. तोवरच्या व्यवस्था चालू असलेल्या कामांमध्ये समानता राखत. साहजिकच जो अधिक कामे सुरू करी त्याला अधिक वाटा मिळे. के आणि लॉडर यांनी समानतेचे एकक बदलले व कामाच्या जागी माणूस आणला. प्रत्येकाने पूर्वी किती वापर केला याची नोंद ठेवायची, अधिक वापरणाऱ्याला मागे सारायचे. मात्र ही नोंद काळानुसार क्षीण होत जाईल अशी तजवीज करायची. स्मरण आणि विस्मरण दोन्ही नियमातच अंतर्भूत करणारी ही रचना मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

पुढे अनेक संगणक जोडून केलेल्या समूहांचा, म्हणजे क्लस्टरचा, काळ आला. त्यातील एकेका संगणकाला नोड म्हणतात. एखाद्या कामाला चौसष्ट नोड एकदम हवे असतील, तर तितके मोकळे होईपर्यंत काही नोड रिकामे पडून राहतात. अमेरिकेतील अर्गॉन प्रयोगशाळेत डेव्हिड लिफ्का यांनी १९९५ च्या सुमारास यावर तोडगा काढला : रांगेतील पहिल्या कामाला उशीर होणार नसेल, तरच मागच्या लहान कामाला पुढे घ्यायचे. त्यासाठी आपल्या कामाला किती वेळ लागेल हे प्रत्येकाला आधीच सांगावे लागते; मुदत उलटली की काम अर्ध्यावर थांबवले जाऊ शकते. परिणामी लोक वेळ फुगवून सांगू लागले. अहुवा मुआलेम आणि ड्रॉर फाइटेल्सन यांनी २००१ मध्ये या अंदाजांचा अभ्यास करून ते किती ढिले असतात हे दाखवले. नियम माणसांना वळण लावतो आणि माणसे नियमाला, याचे हे बोलके उदाहरण होय.

लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास आकाराला आलेली 'स्लर्म' ही प्रणाली आज जगभरच्या मोठ्या समूहांवर रांग सांभाळते. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली उभारलेल्या 'परम ब्रह्म'वरही तीच आहे. बिघडलेल्या नोडवर नवे काम न पाठवता चालू काम पुरे होऊ द्यायचे, ही सोयही तिच्यात आहे. प्रतीक्षेचा काळ, पूर्वीचा वापर, कामाचा आकार अशा घटकांना भार देऊन ती प्रत्येक कामाचा प्राधान्यक्रम काढू शकते. हे भार मात्र यंत्र ठरवत नाही. ते व्यवस्थापक एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवतो.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे असे वाटते. निर्णय यंत्राकडे गेला, तेव्हा वशिल्याला जागा उरली नाही असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात निर्णय त्या फाइलीत जाऊन बसला. कोणाला किती वाटा द्यायचा, मोठ्या प्रकल्पाला झुकते माप द्यायचे की नवख्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रयोगाला, हे त्या चार ओळींत ठरते. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी किती जण त्या वाचतात? त्यांचे वाचन केवळ तंत्रज्ञांवर सोपवण्याचे कारण नाही. एखाद्या संस्थेची मूल्ये तिच्या घोषणापत्रापेक्षा तेथे अधिक स्पष्ट सापडतील.