धुराडें वांकवा, सरपण हलवा

पालथ्या घड्यावर पाणी ओतणाऱ्याचे श्रम वाया जातात, एवढें आपली भाषा सांगते. पण ज्याचा सल्ला मानला गेला नाहीं आणि पुढें तोच खरा ठरला, त्याच्या वांट्यास काय येतें, तें सांगणारी एक म्हण चीन देशांत सुमारें दोन हजार वर्षें चालत आली आहे. तिचीं अक्षरें चारच : 'च्यू तू शी शिन', म्हणजे धुराडें वांकवा, सरपण हलवा.

तिची कथा पहिल्या शतकांतील इतिहासकार बान कू याच्या 'हान-शू' या ग्रंथांत आहे. एका घरीं पाहुणा आला. पाहतो तों चुलीचें धुराडें सरळ आणि शेजारींच सरपणाची रास. धुराडें वांकवून घ्यावें, सरपण दूर ठेवावें, नाहीं तर आग लागेल, असें त्यानें सुचविलें. यजमान गप्प राहिला. लौकरच आग लागली. शेजारी धांवले, ती विझली. यजमानानें बैल कापून, मद्य मांडून पंगत केली. ज्यांचीं कपाळें भाजलीं त्यांस मानाचें पान, इतरांस श्रमाप्रमाणें. सल्ला देणाऱ्यास आमंत्रणच नाहीं!

ही गोष्ट करमणुकीसाठीं सांगितलेली नव्हे. ती एका अर्जांत घातलेली होती. हुओ क्वांग या मंत्र्यानें इ. स. पूर्वीं ७४ मध्यें श्वान सम्राटास गादीवर बसविलें. मंत्र्याच्या पत्नीनें राणीस विष देवविलें आणि स्वतःच्या मुलीस सम्राज्ञी केलें. इ. स. पूर्वीं ६८ मध्यें हुओ वारला, तरी घराण्याचा तोरा उतरेना. तेव्हां माओलिंगच्या श्यू फू यानें तीन वेळां लिहून कळविलें, कीं या घराण्यावर सम्राटाचें प्रेम असेल तर त्यास वेळींच आवरावें, विनाशापर्यंत जाऊं देऊं नये. तिन्ही वेळां नुसती पोंच मिळाली. इ. स. पूर्वीं ६६ मध्यें बंडाचा कट उघडकीस येऊन घराणें निर्मूल झालें आणि बातमी देणारे सरदार बनले.

सम्राटास सल्ला कळलाच नाहीं, असें मानणें कठीण. राणीच्या मृत्यूची कुजबुज तोंवर त्याच्या कानीं आली होती. मारेकऱ्यांस वांचविण्याची घाई त्यास कशास असावी?

पुढें कोणी एकानें श्यू फूच्या वतीनें ही गोष्ट सम्राटापुढें मांडली. आधींच ऐकलें असतें, तर जमिनी व पदव्या वांटाव्या लागल्या नसत्या, आणि माणसेंही मेलीं नसतीं. श्यू फूस रेशमी कापडाचे दहा तागे मिळाले व नंतर दरबारांत लहानसें पद. भाजलेल्या शेजाऱ्यांचीही म्हण झाली : 'डोकें होरपळलें, कपाळ भाजलें' हे शब्द चिनी माणूस आज कामाच्या रेट्यानें हैराण झालेल्या गृहस्थाविषयीं वापरतो.