पलगै पडम, तसबीर आणि कलाकृती : कुंभकोणम्‌च्या एका दिवाणाचा सल्ला

तंजावरी शैलीच्या चित्राला तमिळमध्ये जुने नाव आहे ते 'पलगै पडम', म्हणजे फळीवरचे चित्र. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर चिकटवलेले कापड, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप, उठावाच्या जागी सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे अशी त्याची घडण असते. या नावात शैलीचा निर्देश नाही, चित्रकाराचा नाही आणि सौंदर्याचाही नाही. चित्र कशावर काढले आहे एवढेच ते सांगते. तंजावरच्या भोसले राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) आश्रयाने हा प्रकार बहरला हे सर्वज्ञात आहे. मात्र त्याचे स्थान दरबाराइतकेच देवघरात होते. ते पाहावयाचे चित्र नव्हते, पूजावयाचे होते. याच दरबारात स्वयंपाकावर 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ सिद्ध झाला, हेही येथे ध्यानात घ्यावे. शास्त्र, कला आणि नित्याचा व्यवहार यांच्या सीमा त्या काळी आजच्यासारख्या आखलेल्या नव्हत्या.

या परिसरातील एका मराठी कुटुंबात, कुंभकोणम् येथे, १८२८ साली टी. माधवराव यांचा जन्म झाला. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती. माधवराव स्वतः १८५७ ते १८७२ या काळात त्रावणकोरचे, पुढे इंदूरचे आणि १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या राज्यकारभाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत निबंधाला प्रयोजन आहे ते त्यांनी एका चित्रकाराला दिलेल्या सल्ल्याशी.

तो चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा. १८४८ साली किळिमानूर येथे जन्मलेले रविवर्मा १८६२ च्या सुमारास त्रिवेंद्रमच्या दरबारात आले, तेव्हा माधवराव तेथे दिवाण होते. पुढे रविवर्म्यांचा बडोद्याशी जो संबंध जुळला त्यातही माधवरावांचा हात होता. रविवर्म्यांच्या चित्रांना मागणी इतकी वाढली की एका हाताने ती पुरी करणे अशक्य झाले. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या तैलरंगी छापील प्रती काढवाव्यात, असे तेव्हा माधवरावांनी सुचविले. यात चित्रकाराची कीर्ती आणि देशाची सेवा अशी दोन्ही साधतील, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाचे वेगळेपण सहज लक्षात येत नाही. राजवाड्यासाठी काढलेले चित्र एकच असते. त्याचे मोल त्या एकपणातही असते. माधवराव मात्र चित्राचा विचार प्रशासकाच्या दृष्टीने करीत होते. जी वस्तू चांगली आहे ती अधिकाधिक घरांत पोहोचावी, असा तो विचार होता. फळीवरच्या देवाला घरात जागा असते हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला तो सुचावा, यात मला नवल वाटत नाही. अर्थात हा केवळ माझा तर्क आहे.

सल्ला अमलात आला तो मात्र युरोपात नव्हे. माधवराव १८९१ साली निवर्तले आणि १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. पहिले छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले होते; कालिदासाची नायिका नाट्यगृहातून भिंतीवर येण्यास अवघी चौदा वर्षे लागली, ही बाब तौलनिक अभ्यासकांनी नोंदवावी अशी आहे. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ तेथे काम केले. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा, एकावर एक छाप आणि शेवटी तैलचित्राचा भास देणारी झळाळी अशा पद्धतीने लक्ष्मी-सरस्वती हजारो घरांत गेल्या.

मराठी घराने त्यांना 'चित्र' म्हटले नाही, 'तसबीर' म्हटले. पुढे तर 'देवाचा फोटो' म्हटले. तमिळ घरात त्या 'पडम'च राहिल्या. फळीवरच्या जुन्या देवाला जो शब्द, तोच छापील देवाला. तमिळ भाषेने जो सलगपणा सांभाळला तो मराठीने मोडला, असे म्हणता येईल.

समीक्षकांचा निर्णय वेगळा होता. आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्म्यांच्या चित्रांना नाटकी आणि कल्पनादरिद्री ठरविले. त्यांच्या दृष्टीने भारतीय कलेचे शिखर नटराजाच्या कांस्यमूर्तीत होते. ही मूर्ती ओतण्याची परंपरा कुंभकोणम्‌जवळच्या स्वामिमलै येथे आजही चालू आहे, आणि तेथील स्थपतीही ती देवळासाठीच घडवीत आले. म्हणजे पूजेची वस्तू असणे हे एकीच्या बाबतीत श्रेष्ठत्वाचे गमक ठरले आणि दुसरीच्या बाबतीत बाजारूपणाचे. मराठीतही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. बा. सी. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाला चित्रातील कथा आणि देवत्व उपरेच वाटणार. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी केली. तसबिरीचा विचार करावयाचा तर दुसऱ्या ध्रुवाकडूनच करावा लागेल. पण माझ्या वाचनात आलेल्या मराठी सौंदर्यविचारात तसबीर उदाहरणादाखलही क्वचितच भेटते. नाचियारकोविलच्या पितळी समईची उपेक्षा तर त्याहून मोठी. तिला भौगोलिक निर्देशांक लाभला, तो हस्तव्यवसाय म्हणून.

तसबिरीच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण कृती मात्र ना रविवर्म्यांची आहे, ना समीक्षकांची. अनेक घरांत या छापील देवतांच्या वस्त्रांवर जर, टिकल्या, मणी आणि कापडाचे तुकडे शिवले किंवा चिकटवले गेले. देवीला साडी नेसविली गेली, दागिने घातले गेले. यंत्राने सपाट केलेल्या प्रतिमेला हाताने पुन्हा उठाव दिला गेला. फळीवरच्या तंजावरी देवाला जे सोने आणि खडे लाभत, तेच येथे कागदावर परतले. हे काम बहुतेक स्त्रियांचे असावे. त्यावर नाव क्वचितच सापडते. हजार प्रतींपैकी एक प्रत अशा रीतीने पुन्हा 'एकच' झाली. आज संग्राहक अशा तसबिरी आवर्जून विकत घेतात, पण त्यांच्या चौकटीखालच्या चिठ्ठीवर नाव असते ते रविवर्मा छापखान्याचे.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षे जुनी कला अथवा कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते. त्याहून अर्वाचीन वस्तूला मात्र तिचे कलात्मक वा सौंदर्यात्मक मूल्य पाहून शासनाने 'कलानिधी' म्हणून घोषित करावे लागते, आणि तेही कर्ता हयात नसतानाच. रविवर्म्यांची चित्रे १९७९ साली अशी घोषित झाली. पहिल्या कलमातील 'अथवा' हा शब्द पाहण्यासारखा आहे. ललितकला आणि कसब यांच्यात समीक्षेने उभारलेली भिंत तेथे उरत नाही. शंभर वर्षे पुरतात. १८९४ नंतरच्या पहिल्या दशकातील तसबिरींनी ती मुदत केव्हाच ओलांडली आहे. त्यांच्यावरील जर ज्या हातांनी शिवली त्यांची नोंद कोठल्या रकान्यात करावयाची, हे मात्र नोंदवही ठेवणाऱ्यालाच ठरवावे लागते.