नव्याण्णव मेंढरांचं काय?

यंदा दिवाळीनंतर आठ दिवस अष्टमीला होतो. एका सकाळी कुंडलिकेच्या पुलावरून रोह्याला निघालो तर समोर धनगरांची मेंढरं. पूल भरून. रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न वाजवतोय, मेंढरं ढिम्म, आणि मी मागे बसून खूश. कितीतरी वर्षांनी हे दिसत होतं.

मुंबई-पुण्यात वाढलेल्या भाचरांसाठी थोडं सांगतो. पाऊस सरला, इकडे भात कापून झालं, की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. तिकडे तोवर चारा संपत आलेला असतो. रात्री मेंढरं एखाद्याच्या मोकळ्या शेतात बसवायची, भोवती जाळी लावायची. त्या जाळीला वाघूर म्हणतात. लेंडीखत शेताला मिळतं आणि त्याबदल्यात धनगराला भात किंवा पैसे. दुसऱ्या रात्री दुसरं शेत. पाऊस यायच्या आत परत घाट चढायचा. हा व्यवहार किती पिढ्या चाललाय कोण जाणे.

आमच्या शेतात मेंढरं बसत तेव्हा आम्हा पोरांचा मुक्काम तिथेच. असाच एकदा रात्री एक म्हातारा बाबा कंदील घेऊन नदीकडे निघाला. एक मेंढी कमी होती. मोजली कशी हे मला आजही कोडं आहे, कारण आकडे मोजताना मी त्याला कधी पाहिलं नाही. नुसता नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "ती कानफाटी नाही." पहाटे परत आला तेव्हा मेंढी खांद्यावर होती आणि धोतर मांडीपर्यंत चिखलात.

पुढे कॉलेजात असताना बायबलमधली हरवलेल्या मेंढराची गोष्ट वाचली आणि हाच माणूस डोळ्यासमोर आला. शंभरातलं एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव मागे ठेवून त्याला शोधायला जातो, सापडल्यावर खांद्यावर घालून आणतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. देव तसा आहे, असं येशू सांगतो. ही गोष्ट लूक आणि मत्तय दोघांच्या शुभवर्तमानांत आहे. लूकमध्ये नव्याण्णव मेंढरं रानात राहतात, मत्तयात डोंगरावर. मला मात्र पहिला प्रश्न पडला तो हा: त्या नव्याण्णवांचं काय?

हा प्रश्न मला का पडला ते घरच्यांना ठाऊक आहे. १९८७ साली दादा (काकांचा मोठा) दहावीत नापास झाला आणि घर सोडून गेला. काका म्हणाले, जाऊ दे, पोटाला चिमटा बसला की येईल. बाबा मात्र तीन महिने दर शनिवारी मुंबईची एसटी धरत आणि रविवारी रात्री रिकाम्या हाताने परत येत. त्यातल्याच एका रविवारी माझी सातवीची स्कॉलरशिपची परीक्षा होती. मला सोडायला कोणी आलं नाही. शेजारच्या मास्तरांबरोबर गेलो, पेपर देऊन आलो, कसा गेला हेही कोणी विचारलं नाही. सांगायला आज लाज वाटते, पण तेव्हा दादा सापडूच नये असं मला वाटलं होतं.

त्याच दिवसांत अष्टमीतली बेने इस्राएल मावशी आजीकडे येऊन बसायची. आपल्या रायगडातले हे ज्यू म्हणजे पूर्वीचे 'शनिवार तेली'. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून ते नाव. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. आडनावं सगळी आपल्याच गावांची: रोहेकर, पेणकर, अष्टमकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. मावशी राहिली होती. ती आजीला दावीद राजाचं स्तोत्र मराठीत समजावून सांगायची. देव मेंढपाळ आहे, तो हिरव्या कुरणात नेतो, अंधाऱ्या दरीतही काठी घेऊन सोबत असतो, असं. "दावीद स्वतः मेंढरं राखायचा, म्हणून त्याला सुचलं," ती म्हणायची. त्यावर आजी थंडपणे, "आमचा खंडोबापण राखायचा."

खोटं नाही ते! बाणाईसाठी मल्हारी वेष पालटून धनगराच्या घरी चाकर राहिला आणि मेंढरं राखली, ही कथा महाराष्ट्रभर गायली जाते. त्या कथेत तो मेंढरं मारतो आणि जिवंतही करतो. विठोबाचं मूळही गवळी-धनगरांच्या दैवतात आहे, असं रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' (१९८४) मध्ये मांडलं. म्हणजे मेंढपाळ देव आपल्याला परका नाही. फरक आहे तो असा, की आपला देव कोणावर तरी जीव जडला म्हणून मेंढरं राखतो आणि बायबलमध्ये जीव जडलाय तोच मेंढरांवर.

ही प्रतिमा ख्रिस्ती धर्माहून कितीतरी जुनी आहे. बॅबिलोनचा हम्मुराबी आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळ म्हणवतो. राजे म्हणवून घेतातच! त्यावर यहेज्केल संदेष्टा भडकतो. तुम्ही मेंढरांची चरबी खाता, लोकर पांघरता, पण दुबळ्याला सांभाळत नाही, हरवलेल्याला शोधत नाही. आता देव स्वतःच राखणीला येईल, असा त्याचा रोख. बायबलमधला हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण मेंढरं शेवटी खाटकाकडे जातात हे त्यात लपवलेलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू हेच पुढे नेतो. पगारी गडी लांडगा दिसताच पळतो, खरा मेंढपाळ जीव देतो. इथे हिशेबच उलटतो. मेंढराने मेंढपाळासाठी मरायचं ही जगरहाटी.

रोमच्या भुयारी दफनभूमींत तिसऱ्या शतकातली चित्रं आहेत. त्यांत खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण पुन्हा पुन्हा दिसतो. क्रूस ख्रिस्ती चित्रांत सर्रास दिसू लागला तो त्यानंतर. त्या तरुणाची ठेवण ग्रीकांच्या मेंढावाहक हर्मिसवरून उचललेली. आपल्याकडे सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात बाल येशू मेंढपाळ कोरला. एका डोंगराच्या टोकावर मूल बसलंय, एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर, गाल हातावर टेकलेला आणि डोळे मिटलेले. खाली झरा, पाखरं, मेंढरं आणि तळाच्या गुहेत मरिया माग्दालेना. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा मूर्ती आहेत. बघणाऱ्याला बुद्ध आठवतो, बाळकृष्ण आठवतो. मी फोटोतच पाहिलीय, पण माझ्या मनात आलं ते वेगळंच: राखणदार झोपला की काय?

मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात. पास्टर या लॅटिन शब्दाचा अर्थही मेंढपाळच. किती साधा शब्द निवडलाय! बिशपच्या हातातला वाकड्या मुठीचा दंडही मेंढपाळाच्या काठीवरूनच आलेला.

असो. नव्याण्णवांचं राहिलंच. यंदा पुलावरच्या त्या धनगराशी गप्पा झाल्या. विचारलं, एक हरवलं तर बाकीची कोणावर टाकून जाता? तो हसला. "वाघूर हाय की. बाया हायत्या, कुत्री हायती. एकला कोण मेंढरं राखतंय?"

मला आईच आठवली. ते तीन महिने दुकान, दोन म्हशी, आजीचं दुखणं आणि आम्ही चार पोरं तिने एकटीने सांभाळली. स्कॉलरशिपच्या दिवशी पहाटे उठून तिने माझ्या डब्यात शिरा दिला होता. तो मी परीक्षा संपल्यावर शाळेच्या पायरीवर रडत खाल्ला, एवढं लक्षात आहे. गोष्टीत वाघूर लावणाऱ्यांचा उल्लेख नाही, आमच्या घरच्या गोष्टीतही कोणी करत नाही.

दादा भायखळ्याला एका खानावळीत भांडी घासताना सापडला. बाबा त्याला घेऊन आले त्या रात्री काकांनी जेवण घातलं, अख्खी आळी आली. मी पोटात दुखतंय म्हणून माळ्यावर जाऊन झोपलो. दादा, हे तुला आज पहिल्यांदाच कळत असेल. फोनवर विषय काढू नकोस, आलास की बोलू.

शेत आता दादाच बघतो. धनगरांना यंदा दोनच रात्री मेंढरं बसवायला सांगितलंय, कारण उन्हाळी भात लावायचंय. दुसऱ्या रात्री मी गेलो होतो. थंडी चांगली होती. वाघुरीच्या आत एक कोकरू सारखं ओरडत होतं. एक बाई उठली, त्याला उचलून दुसऱ्या मेंढीजवळ ठेवलं आणि परत घोंगडीत शिरली.