रातांधळेपणाच्या औषधाचा शोध : एक इतिहास

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांची परंपरा आपल्या समाजाने श्रद्धेने जपली आहे. मोतीबिंदूची शिबिरे व मरणोत्तर नेत्रदान हे औषधदानाचेच आधुनिक रूप म्हणावे लागेल. तथापि अंधत्वाचा एक प्रकार या दोहोंच्याही आवाक्याबाहेर आहे. नेत्रदानातून मिळते ते डोळ्याच्या दर्शनी भागातील पारदर्शक पटल. हा आजार मात्र डोळ्याच्या तळाशी असलेल्या दृष्टिपटलाचा, आणि तोही पिढीजात. त्यावरील औषधाच्या शोधाचा इतिहास येथे थोडक्यात मांडला आहे.

रातांधळेपणा आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत 'नक्तांध्य' या नावाने त्याचे वर्णन येते. तेथील उपायांत प्राण्याच्या यकृताचाही समावेश आहे. यकृतात 'अ' जीवनसत्त्व विपुल असते, हा उलगडा विसाव्या शतकात झाला. शाकाहारी कुटुंबांना तेच जीवनसत्त्व दूध, पालेभाज्या, शेवग्याची पाने, पपई व आंबा यांतून लाभते. भारत सरकारने 1970 मध्ये बालकांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला. कुपोषणातून आलेला रातांधळेपणा अशा उपायांनी हटतो. पिढीजात मात्र हटत नाही. दोहोंची सुरुवात सारखीच दिसत असल्याने हा भेद ओळखायला फार काळ जावा लागला.

1851 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याचा तळ पाहण्याचे उपकरण जगापुढे आणले आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रथमच दृष्टीस पडले. 1857 मध्ये डच वैद्य डाँडर्स यांनी या आजाराला 'रेटिनायटिस पिगमेंटोसा' हे नाव दिले. नावात 'दाह' असला, तरी मूळ कारण दाह नव्हे. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी हळूहळू मरतात. प्रथम तिन्हीसांजेनंतर दिसेनासे होते, मग बाजूची नजर आक्रसते आणि रुग्ण जणू नळीतून जग पाहू लागतो. 1861 मध्ये बर्लिनच्या लीब्राइख यांनी हा आजार नात्यातील विवाहांच्या संततीत अधिक आढळतो, हे दाखवून दिले.

हे निरीक्षण आपल्या मराठवाड्यालाही लागू पडते, कारण मामाची मुलगी करण्याची रीत येथे अनेक समाजांत आहे. आजाराच्या एका प्रकारात आई-वडील दोघेही निरोगी दिसतात. पण दोघांकडे एकच सदोष जनुक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नागपूर परिसरातील खेड्यांत झालेल्या व 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिशीपुढील सुमारे साडेसातशे व्यक्तींमागे एकाला हा आजार आढळला.

औषधांची कथा आशा-निराशेची आहे. 1993 मध्ये बोस्टनच्या बर्सन यांनी 601 रुग्णांवरील प्रयोगातून 'अ' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने ऱ्हास मंदावतो, असा निष्कर्ष काढला. अनेक वर्षे जगभर तो उपचार चालला. 2023 मधील फेरतपासणीत मात्र त्याचा लाभ सिद्ध झाला नाही. शिवाय मोठी मात्रा यकृताला व गर्भाला अपायकारक ठरते. फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोइक ॲसिडचाही प्रयोग झाला. तोही निष्फळ ठरला.

खरी दिशा जनुकशास्त्राने दाखविली. 1990 मध्ये या आजाराशी निगडित पहिला जनुकदोष रोडॉप्सिनमध्ये सापडला. त्यानंतर असे ऐंशीहून अधिक जनुक उजेडात आले. अखेर 19 डिसेंबर 2017 रोजी अमेरिकेने 'लक्स्टर्ना' या औषधास मान्यता दिली. निरुपद्रवी विषाणूच्या साहाय्याने निर्दोष जनुक दृष्टिपटलाखाली सोडणारे हे औषध प्रत्येक डोळ्यात एकदाच द्यावे लागते. मात्र ते 'आरपीई 65' या एकाच जनुकाचा दोष असणाऱ्या मोजक्या रुग्णांनाच उपयोगी आहे. दोन्ही डोळ्यांची त्याची जाहीर झालेली किंमत साडेआठ लाख डॉलर होती!

मग हिंगोलीच्या रुग्णाने काय करावे? निजामकाळापासून आपला भाग हैदराबादशी जोडलेला आहे. 1987 मध्ये तेथे स्थापन झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अशा आजारांची तपासणी व संशोधन चालते. नेमका कोणता जनुक सदोष आहे हे ठाऊक असल्याशिवाय उद्याच्या कोणत्याही जनुक-औषधाचा लाभ ठरविता येणार नाही. या आजारासोबत येणारा मोतीबिंदू काढता येतो आणि दृष्टिपटलावरील सूज काही रुग्णांत गोळ्यांनी उतरते. 2016 च्या दिव्यांग कायद्यानुसार चाळीस टक्के वा अधिक दृष्टिदोष असणाऱ्यास प्रमाणपत्र व सवलती मिळतात. 'हमखास दृष्टी परत' अशा जाहिरातींना मात्र बळी पडू नये.

अशा घरांत आजार लपविला जातो, कारण मुलामुलींच्या सोयरिकीची धास्ती असते. परंतु लपविल्याने दोष पुढच्या पिढीत जाण्याचे थांबत नाही. उलट वेळीच मिळणारा सल्ला हुकतो. सोयरिक जुळविताना पत्रिकेइतकीच कुटुंबाच्या आरोग्याचीही मोकळेपणाने विचारपूस व्हावी आणि दृष्टी गमावणाऱ्या समाजबांधवाला संकोच न वाटता तपासणीपर्यंत नेणारा हात मिळावा. परिपूर्ण औषध हाती येईपर्यंत हेच आपले औषधदान ठरेल.