धूर नसलेले निखारे

थंडीच्या दिवसांत अंगणातल्या शेकोटीभोवती बसले, की सगळ्यांची तक्रार असते ती धुराची. धूर निवळून लालबुंद निखारे उरले, की आता त्रास संपला असे वाटते, आणि तेच निखारे घमेल्यात भरून झोपायच्या खोलीत नेले जातात. खरा धोका इथून सुरू होतो. तो ओळखायला माणसाला किती काळ लागला, ही हकीकत वर्गात सांगण्याजोगी आहे.

चौथ्या शतकात ज्युलियन हा पुढे रोमन सम्राट झालेला राजपुत्र लुटेशियात, म्हणजे आजच्या पॅरिसमध्ये, हिवाळ्यात मुक्कामाला होता. सीन नदीतून बर्फाच्या लाद्या वाहत होत्या. खोली गरम करून घ्यायला तो तयार नव्हता. अखेर थोडे निखारे आत आणू दिले. त्याला गुंगी आली, जीव गुदमरला. उचलून बाहेर नेले म्हणून तो वाचला. ३६३ साली लिहिलेल्या ‘मिसोपोगॉन’ या उपरोधिक लेखात त्याने हे नोंदवले आहे. दोष मात्र त्याने ओलसर भिंतींना दिला. उष्णतेमुळे त्यांच्यातून वाफा निघाल्या, असे त्याचे अनुमान होते.

अनुमान चुकले, पण त्यात नवल नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या या वायूला रंग नाही, वास नाही. १७७६ साली फ्रान्समध्ये द लासोन याने झिंक ऑक्साइड कोकबरोबर तापवून तो मिळवला. पण निळ्या ज्योतीने जळतो म्हणून त्याला हायड्रोजन समजला. १८०० च्या सुमारास विल्यम क्रुकशँक याने तो कार्बन आणि ऑक्सिजन यांचे संयुग असल्याचे दाखवले. हाच कार्बन मोनॉक्साइड. फुललेल्या निखाऱ्यांवर दिसणारी निळसर ज्योत त्याचीच.

हा वायू रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो, हे क्लॉद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगांनी दाखवले. हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. म्हणूनच हवेत त्याचे थोडे प्रमाणही घातक ठरते. ब्रिटनमधील जॉन स्कॉट हाल्डेन याने हा वायू मिसळलेली हवा स्वतः श्वासावाटे घेतली आणि परिणाम टिपून १८९५ साली प्रसिद्ध केले. शेवटी त्याला धड उभे राहवेना. बंद खोलीतला माणूस धोका कळूनही दारापर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर इथे मिळते; झोपलेल्याला तर तो कळतही नाही.

उघड्यावर हा वायू वाऱ्याबरोबर विरून जातो. म्हणून शेकोटी अंगणातच शेकावी आणि तिथेच विझवावी. नुसती राख लोटून भागत नाही. राखेखाली निखारे तासन् तास जिवंत राहतात. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे. निखाऱ्यांजवळ बसलेल्याचे डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : धुराची शेकोटी जास्त धोक्याची, की घरात आणलेले बिनधुराचे निखारे? बहुतेक हात धुराच्या बाजूने वर झाले, तर ज्युलियनची गोष्ट सांगायला तीच वेळ योग्य.